जुनी दुनळी, नवे काडतूस

बारा बोरच्या जुन्या इंग्रजी दुनळीत पावणेतीन इंची काडतूस घातले तर ते सहज आत बसते. नळ्या मिटतात, खटका लागतो, चाप ओढला की बार उडतो, आणि बहुतेक वेळा वाईट काहीच घडत नाही. बंदूक फुटली असती तर धडा एकाच दिवसात मिळाला असता. ती फुटत नाही, म्हणून मालकाची खात्री पटत जाते की आपल्या बंदुकीला हे काडतूस चालते. प्रत्यक्षात ते फक्त बसते. बसणे आणि चालणे यांतला फरक नीट समजावून सांगणे, एवढ्याचसाठी हे पुस्तक आहे.

या फरकाचे कारण काडतुसाच्या लांबीतच आहे. डब्यावर छापलेली ६५ किंवा ७० मिलिमीटर ही लांबी काडतूस उडाल्यानंतरची, म्हणजे त्याचे दुमडलेले तोंड पूर्ण उलगडल्यानंतरची असते. भरलेले काडतूस त्याहून बरेच आखूड असते. म्हणून ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंची चेंबरमध्ये अडल्याशिवाय उतरते. चेंबर संपते तिथून नळी निमुळती होत बोरच्या मापाला येते. बार उडताना काडतुसाचे तोंड याच निमुळत्या भागात उलगडते आणि तिथली वाट अरुंद करते. छर्रे आणि त्यांच्यामागचा डाट यांना तेवढ्यातूनच बाहेर पडावे लागते. दाब वाढतो. किती वाढेल ते काडतुसाच्या घडणीवर अवलंबून असते. कधी थोडा, कधी चिंता वाटावी इतका. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

अशा बंदुका आपल्याकडे किती घरांत असतील याची मोजदाद करण्याचा माझा हेतू नाही, पण त्या आल्या कशा हे ध्यानात घ्यायला हवे. १८७० नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या शिकारीसाठी ज्या हलक्या दुनळ्या घडल्या, त्यांतल्या बहुतेकांचे चेंबर अडीच इंची होते. लंडन आणि बर्मिंगहॅमचे कारागीर त्या करत. इंग्रज अधिकारी, मळेवाले आणि संस्थानिक यांच्याबरोबर त्या हिंदुस्थानात आल्या, काही कलकत्त्याच्या मँटनसारख्या पेढ्यांतून विकल्या गेल्या, आणि पुढे इनामदारांच्या, देशमुखांच्या, वकील-डॉक्टरांच्या घरी पोहोचल्या. बेल्जियममधल्या लिएज शहरातून स्वस्त बंदुकाही पुष्कळ आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपवले. बंदुका कपाटात गेल्या आणि खंडेनवमीला हळदकुंकवापुरत्या बाहेर येऊ लागल्या. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका मात्र आजही वापरात आहेत. शिवाय आजोबांची बंदूक वारसाहक्काने स्वतःच्या परवान्यावर घेऊन नेमबाजीच्या रेंजवर नेऊ पाहणारी नवी पिढीही आहे. या सगळ्यांच्या हाती जे काडतूस येते ते बंदुकीहून अनेक दशकांनी नवे असते.

बंदूक कोणत्या काडतुसासाठी घडली हे तिच्यावरच लिहिलेले असते, मात्र ते बाहेरून दिसत नाही. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या बुडाशी दोन सपाट पट्ट्या दिसतात. मिटलेल्या बंदुकीत त्या झाकलेल्या असतात. त्यांवरचे ठसे पुष्कळ मालकांनी आयुष्यात एकदाही पाहिलेले नसतात, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण बंदुकीबद्दलचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा तोच आहे. घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, बिजागरीवरची नक्षी, पेढीचे नाव, हे सगळे त्याच्यानंतर.

इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्यापूर्वी सरकारमान्य ठिकाणी तपासून घ्यावी लागते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. नेहमीच्या काडतुसापेक्षा मुद्दाम जास्त दाब देणारा बार नळीतून उडवायचा, नळी फुगली नाही, तडकली नाही, तर ठसा मारायचा, अशी ही पद्धत. नियम वेळोवेळी बदलले, ठशांची भाषाही बदलली. १८७५ च्या नियमांनंतर चोक असलेल्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असा ठसा येऊ लागला. १८९६ पासून धूररहित दारूसाठीची तपासणी नियमांत स्पष्टपणे आली. १९२५ नंतर चेंबरची लांबी आणि छऱ्यांचे कमाल वजन कोरलेले आढळते, अडीच इंची चेंबरला साधारणपणे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस, म्हणजे ३२ ग्रॅम. १९५४ च्या नियमांनी वजनाच्या जागी दाब आणला: अडीच इंचीला ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन टन, तीन इंचीला ४ टन. लिएजच्या नळ्यांवर मुकुटाखालच्या लंबगोलात ई एल जी ही अक्षरे असतात, आणि धूररहित दारूची तपासणी झाली असेल तर सिंह आणि पी व्ही.

चेंबरची लांबी कुठेच कोरलेली नसेल तर ती अडीच इंच समजूनच पुढे जावे. अंदाज चुकला तरी तो सुरक्षित बाजूला चुकेल. लांबी कोरलेली असली तरी गेजने मोजून पाहावी. मधल्या काळात कुणीतरी चेंबर कोरून लांब केलेले असते आणि नंतर नळी पुन्हा तपासून घेतलेली नसते, अशा बंदुका कमी नाहीत. तिथे धातू जितका काढला तितकी नळी सर्वाधिक दाबाच्या जागी पातळ झाली.

ठशाची एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. तो ज्या दिवशी मारला त्या दिवसाची नळी कशी होती एवढेच तो सांगतो. त्यानंतर शंभर पावसाळे गेले असतील. गंजाने खड्डे पडले असतील, ते काढण्यासाठी आतून नळी घासली असेल, बाहेरून आपटून पोचा आला असेल आणि तो ठोकून काढला असेल. जुन्या इंग्रजी नळ्यांवर बोरचे मापही कोरलेले असते, १२, १३, किंवा १३ खाली १ असे. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३ खाली १ म्हणजे ०.७१९. आज मोजल्यावर बोर कोरलेल्या मापाच्या पुढच्या पायरीला पोहोचला असेल तर इंग्लंडमध्ये त्या नळीची तपासणी रद्द समजतात. भिंतीची जाडी हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न, आणि तो ठशात कुठेच नाही. बुडापासून साधारण नऊ इंचांच्या पुढे नळी सर्वांत पातळ होत जाते. तिथे इंचाच्या वीस सहस्रांशांपेक्षा कमी जाडी आढळली की अनुभवी कारागीर ती नळी वापरायला नको म्हणतात. हे माप घरी पट्टीने घेता येत नाही. त्यासाठी खास गेज लागते, आणि ते ज्या परवानाधारक कारागिराकडे आहे त्याच्याकडेच जावे लागते. काडतुसाच्या किमतीवर घासाघीस करणारा माणूस या एका तपासणीचे पैसे वाचवतो तेव्हा तो चुकीच्या जागी काटकसर करत असतो.

आता दारूबद्दल. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण जुन्या बंदुकांबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच जन्मतात.

काळ्या दारूच्या काळात भार ड्रॅममध्ये मोजत, तीन ड्रॅम दारू आणि त्यावर सव्वा किंवा त्याहून थोडे कमी औंस छर्रे. माप आकारमानाचे होते, डबी भरली की झाले. पुढे शुल्ट्झ आणि ई. सी. यांसारख्या पहिल्या धूररहित दारू मुद्दामच अशा केल्या की तीच डबी चालावी. लोकांची सवय मोडली नाही. नंतर बॅलिस्टाइटसारख्या घट्ट दारू आल्या. त्या वजनाने मोजायच्या असतात आणि फार थोड्या लागतात. जुन्या डबीने त्या भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. त्यात नळीचा दोष नव्हता, पण दोष नळीवरच गेला, आणि ती नळी बहुधा दमास्कस असल्यामुळे 'दमास्कस फुटते' ही समजूत घट्ट बसली.

दमास्कस नळी म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेली नळी. तिच्या अंगावरची लाटांसारखी नक्षी त्या पिळाची असते. १८९१ साली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने निरनिराळ्या प्रकारच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा उत्तम घडणीच्या पिळाच्या नळ्या पोलादी नळ्यांच्या मागे पडल्या नाहीत. म्हणजे नक्षी पाहून बंदूक भिंतीला टांगणे जसे अज्ञान आहे, तसेच 'आजोबांनी हिच्यातून हजारो बार काढले' म्हणून आजचे काडतूस घालणेही अज्ञानच आहे. आजोबांचे बार कोणत्या दारूचे होते हे कुणी सांगत नाही. शिवाय काही स्वस्त बंदुकांच्या साध्या पोलादी नळ्यांवर दमास्कसची खोटी नक्षी उठवलेली असते, आणि काही खऱ्या दमास्कस नळ्या धूररहित दारूसाठी रीतसर तपासलेल्या असतात. तेव्हा नक्षी बाजूला ठेवून ठसा पाहावा. ठसा फक्त काळ्या दारूचा असेल तर त्या नळीतून आजचे कोणतेही धूररहित काडतूस उडवू नये, ते कितीही 'हलके' म्हणून विकलेले असो. काळ्या दारूची कारखान्यात भरलेली काडतुसे आपल्या बाजारात मिळत नसतील, तर माझ्या मते त्या बंदुकीचा बार बंद झाला. जतन करण्यासारखी वस्तू म्हणून ती मोलाची राहतेच.

घरी काडतूस भरण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच थांबवावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो हक्क येत नाही. या पुस्तकात भरण्याचे एकही प्रमाण दिलेले नाही, ते याच कारणाने.

'हलके' हा शब्द मघाशी आला. त्याने फसलेली माणसे फार आहेत. खांद्याला बसणारा धक्का आणि नळीतला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धक्का मुख्यतः छऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, दाब दारू किती झपाट्याने जळते यावर. चिकणमातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी असलेले २४ ग्रॅमचे वेगवान काडतूस खांद्याला मऊ लागते, पण त्याचा दाब ३६ ग्रॅमच्या संथ काडतुसापेक्षा जास्त असू शकतो. उलट संथ पण जड काडतूस दाबाच्या दृष्टीने सौम्य असूनही शंभर वर्षांच्या अक्रोडाच्या दस्त्याला तडा देते आणि नळ्या व बिजागरी यांच्यामधला सांधा सैल करते. जुन्या बंदुकीला दोन्ही बाजूंनी जपावे लागते. नळीसाठी दाब कमी हवा, लाकूड आणि सांध्यांसाठी धक्का कमी हवा. धक्क्यासाठी डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना नियम आजही उपयोगी पडतो: बंदूक छऱ्यांच्या ९६ पट वजनाची असावी. सहा पौंडांच्या बंदुकीला एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. साडेसहा पौंडांच्या दुनळीला ३० ग्रॅम बेताचे. हा नियम दाबाबद्दल एक अक्षरही सांगत नाही, हे मात्र सतत लक्षात ठेवायचे.

दाबाच्या आकड्यांतही एक खड्डा आहे. नळीवर '३ टन' दिसले की लोक २२४० ने गुणतात, ६७२० पौंड असे उत्तर काढतात आणि अमेरिकन काडतुसांच्या तक्त्यातल्या आकड्यांशी त्याची तुलना करतात. ते टन धातूच्या लहान नळकांडीवर दाब देऊन, ती किती चेपली यावरून मोजलेले असतात. ती पद्धत खरा कमाल दाब पूर्णपणे पकडत नाही. आजचे आकडे विजेच्या संवेदकाने घेतात आणि ते जास्त येतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, पण गुणाकाराने एकाचे दुसरे होत नाही. युरोपातल्या सी. आय. पी. या संस्थेच्या आजच्या नियमांत बारा बोरच्या साध्या काडतुसांना सरासरी ७४० बारची कमाल मर्यादा आहे, आणि 'हाय परफॉर्मन्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या काडतुसांना १०५० बारची. अमेरिकेत पावणेतीन इंची बारा बोरला ११,५०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ७९३ बार. म्हणजे अमेरिकेत सर्वसाधारण समजले जाणारे काडतूससुद्धा युरोपातल्या साध्या मर्यादेच्या वर जाऊ शकते. दुसरे असे की ७४० ची मर्यादा ६५ आणि ७० मिलिमीटर दोन्हींना लागू आहे, त्यामुळे काडतूस आखूड आहे एवढ्यावरून ते सौम्य ठरत नाही. चांगल्या इंग्रजी डब्यांवर किमान चेंबर आणि किमान तपासणी या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. निवड करायची ती त्या दोन ओळींवरून. डब्यावरचे पक्ष्याचे चित्र किंवा 'मॅक्स', 'सुपर' असले शब्द पाहून नव्हे.

आपल्याकडे निवडीला वाव थोडा आहे. बाजारात मुख्यतः पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे मिळतात. हा कारखाना १८६९ पासूनचा, आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया कंपनीखाली आहे. ही काडतुसे ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांबीत येतात. जुन्या दुनळीच्या मालकाने दुकानदाराला पहिला प्रश्न लांबीचा विचारावा आणि डबा हातात घेऊन उत्तर स्वतः वाचावे. 'एकच आहे हो, सगळे हेच नेतात' या उत्तरावर डबा परत ठेवावा.

एल. जी. आणि एस. जी. या मोठ्या छऱ्यांबद्दलही दोन शब्द. शेती संरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांत त्यांना मागणी असते. जुन्या घट्ट चोकमधून मोठे छर्रे नीट ओळीत जात नाहीत, एकमेकांवर चेपले जातात आणि तोंडाजवळच्या पातळ नळीला फुगवटा येऊ शकतो. एकसंध गोळी तर 'नॉट फॉर बॉल' लिहिलेल्या नळीतून कधीच नाही. पोलादी छर्रेही जुन्या बंदुकीसाठी नाहीत. इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आली, तेव्हा तिथल्या जुन्या बंदुकांचे मालक बिस्मथकडे वळले, कारण तो धातू मऊ आहे. पोलाद जुन्या नळीत आणि चोकमध्ये दबत नाही, नळीच दबते.

काडतूस बरोबर असले तरी दोन अपघात राहतात. पहिला वीस बोरच्या काडतुसाचा. ते बारा बोरच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकते आणि मागून पाहिले तर दिसत नाही. त्याच्या मागे बाराचे काडतूस बसते आणि बार उडतो. वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत यासाठीच आहे. एकाच घरात दोन बोरच्या बंदुका असतील तर काडतुसे एकाच खिशात कधीही जाऊ नयेत. दुसरा अपघात नळीतल्या अडथळ्याचा. आपल्या हवेत कपाटातल्या किंवा भिंतीवरच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते. ट्रंकेत राहिलेली ईली-किनॉकची कागदी काडतुसे पावसाळ्यांनी फुगलेली असतात, दारू अर्धवट जळते, नुसता 'फुस्स' आवाज होतो आणि डाट नळीत राहून जातो. पुढचा बार त्यावर आदळतो. असा आवाज आला की बंदूक सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबायचे, उघडायची, नळ्या वेगळ्या करायच्या आणि उजेडाकडे धरून आरपार पाहायचे. जुनी कागदी काडतुसे उडवू नयेत. ती विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर द्यावीत.

पुढच्या प्रकरणांत काडतुसाची चर्चा बरीच उशिरा येते. आधी नळ्या वेगळ्या करणे, ठसे वाचणे, मग मोजमाप, मग दस्ता आणि सांधे, आणि त्यानंतर डबा. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. तपासणीत बंदूक नापास झाली तर काय, याचेही प्रकरण आहे. १९५९ च्या कायद्याचे २१ वे कलम ज्याचा बाळगण्याचा हक्क संपला त्याला बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात, आणि लग्न-मिरवणुकीत आनंदाचा बार काढणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. बार न काढता बंदूक परवान्यावर जतन करणे पूर्णपणे कायदेशीर आहे. ज्यांच्या हाती काळ्या दारूचा ठसा असलेली पिळाची नळी येईल, त्यांनी आधी ते प्रकरण वाचावे आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे यावे.